हिवाळ्यात काचेच्या टाकीतल्या मिनी गुलाबावर भुरी परत परत येते, तेव्हा

तक्रार साधारण अशी असते. डिसेंबरात दुकानातून आणलेली मिनी गुलाबाची कुंडी जुन्या फिश टँकमध्ये ठेवली, वर एलईडीची पट्टी लावली, त्यावर काचेचं झाकण टाकलं. पहिले तीन आठवडे झकास. मग कोवळ्या पानांवर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतो, पानं वळतात, कळीच्या देठावरही तीच पिठी. फवारा मारला की आठ दिवस बरं वाटतं, पंधराव्या दिवशी पुन्हा तेच. दुसरं औषध, तिसरं औषध, आणि मार्च उजाडेपर्यंत हेच चालू.

औषध बदलून हे थांबत नाही. औषध निकामी असतं असं नव्हे, पण भुरीला (म्हणजे पावडरी मिल्ड्यू, ही पांढरी बुरशी) हवी असते तशी हवा ती टाकीच रोज संध्याकाळी तयार करत असते. आधी टाकी दुरुस्त करायची, मग झाड.

खालचे आकडे शिकागो, टोरांटो, न्यू जर्सी अशा ठिकाणच्या हिवाळ्याचे आहेत. तिथे घर गरम करणारी फर्नेस चालू असली की घरातली आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते आणि डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. पुण्या-नाशकात हेच झाड हिवाळ्यात बाल्कनीच्या उन्हात उत्तम फुलतं. तिथे टाकीचा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

आधी बघा, भुरीच आहे का

पांढरं दिसलं म्हणजे भुरी असं नाही. जड पाण्यावर चालणारा अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर खोलीत असेल तर त्यातले क्षार पांढऱ्या धुळीसारखे पानांवर बसतात. ही धूळ जुन्या-नव्या सगळ्या पानांवर सारखी असते, टाकीच्या काचेवर आणि दिव्याच्या पट्टीवरही असते, ओल्या बोटाने पुसली की खालचं पान सपाट आणि ठणठणीत निघतं.

भुरी शेंड्याकडून सुरू होते. सर्वात कोवळी, तांबूस पानं आधी धरते. पान कडेने वर वळतं, पृष्ठभाग फोड आल्यासारखा उंचसखल होतो, आणि पांढरं पुसलं तरी खालचा भाग लालसर किंवा जांभळट राहतो. चांगल्या भिंगातून पाहिलं तर बारीक, उभ्या, मण्यांच्या माळेसारख्या साखळ्या दिसतात. ते भुरीचे बीजाणू. कळीच्या खालच्या गुळगुळीत देठावर ते सर्वात लवकर सापडतात, म्हणून पहिल्यांदा तिथे पाहायचं.

राखाडी, लोकरीसारखी बुरशी जुन्या पाकळ्यांवर किंवा कापलेल्या टोकावर असेल तर ती बोट्रायटिस. तिला पानावर प्रत्यक्ष पाणी लागतं. भुरीचं उलट आहे: पानावर पाण्याचा थर असेल तर तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत, तिला दमट हवा पुरते. ‘मी पानं कधीच भिजवत नाही, तरी भुरी कशी’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

दिवे विझल्यावर टाकीत काय होतं

दुपारी हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता दाखवणारं यंत्र) पाहून बहुतेक जण समाधानी असतात: २५ अंश, ६५ टक्के. छान वाटतं. पण याच हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊन जमायला लागते तो अंश, १८ आहे. रात्री दहाला टायमर दिवे बंद करतो, फर्नेसचा थर्मोस्टॅटही रात्रीसाठी खाली येतो, आणि तासा-दीड तासात टाकीतली हवा १८ अंशांवर उतरते. पाण्याचा एक थेंबही न घालता ६५ टक्क्यांचे १०० टक्के झाले.

टाकीचा आकार पाहिला की प्रकरण आणखी स्पष्ट होतं. २९ गॅलनच्या टाकीत ११० लिटर हवा मावते. १८ अंशांना ती पूर्ण संपृक्त करायला दोन ग्रॅमपेक्षा कमी पाणी लागतं, म्हणजे अर्धा चहाचा चमचासुद्धा नाही. संध्याकाळी पाणी दिलेल्या तीन कुंड्या आणि तळाला गोट्यांत साचलेलं पाणी मिळून हे सहज पुरवतात. वर टाकी खिडकीला चिकटून असेल तर त्या बाजूची काच हवेपेक्षा पाच-सहा अंशांनी थंड असते. सकाळी त्या काचेवर आतून बोटाने रेघ ओढता येत असेल, तर रात्रभर आत काय चाललं होतं हे सांगायला वेगळ्या यंत्राची गरज नाही.

रात्री गार आणि दमट, दिवसा उबदार आणि थोडं कोरडं: भुरीला नेमकं हेच चक्र मानवतं. रात्रीच्या ओलाव्यात बीजाणू रुजतात, दिवसाच्या कोरड्या हवेत सुटून शेजारच्या पानावर पडतात. हवा जमली तर आठवड्याच्या आत नवी पिढी तयार होते. शिवाय बुरशीचे धागे डोळ्यांच्या (फांदीवर जिथून नवा फुटवा येतो त्या कोंबांच्या) खवल्यांत लपून राहतात, तिथे फवारा पोचत नाही. त्या डोळ्यातून फुटवा आला की तो आजारीच येतो. पंधरा दिवसांनी ‘परत आली’ असं वाटतं ती बहुतेक वेळा गेलेलीच नसते.

टाकीची दुरुस्ती

पहिलं काम हायग्रोमीटर तपासण्याचं. स्वस्तातले दहा-दहा टक्के चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मीठ विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून खोलीच्या तापमानात १२ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ८१ आला तर तुमचं यंत्र सहा जास्त दाखवतं, तेवढे वजा करत चला. यंत्र टाकीत ठेवताना दिव्याच्या थेट खाली नको, झाडाच्या मध्यावर, पानांच्या सावलीत ठेवा. कमाल-किमान लक्षात ठेवणारं असेल तर उत्तम, कारण आपल्याला पहाटे चारचा आकडा हवाय आणि पहाटे चारला कोणी उठत नाही.

मग तळ. टाकीला खाली भोक नसतं, त्यामुळे ‘गोटे घालून निचऱ्याचा थर’ हा सल्ला इथे फसवा आहे. पाणी निघून जात नाही, गोट्यांत साचतं. टाकीत थेट माती भरून गुलाब लावले असतील तर ते काढून कुंड्यांत घ्या. गोटे काढा. ऑफिसच्या छतातल्या ट्यूबलाइटखाली प्लास्टिकची पांढरी चौकोनी जाळी असते, ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पक्कडीने मापात तोडून तळापासून तीन-चार सेंटिमीटर उंचीवर टेकू देऊन बसवा आणि कुंड्या तिच्यावर ठेवा. पाणी देताना कुंडी टाकीबाहेर काढायची, सिंकमध्ये भरपूर पाणी द्यायचं, वीस मिनिटं निथळू द्यायची आणि मग परत ठेवायची. कंटाळवाणं आहे खरं, पण निम्मा ओलावा इथेच कमी होतो. हे काम सकाळी, दिवे लागल्यावर करा. संध्याकाळी पाणी देणं पूर्ण बंद.

झाकणाची फट त्यानंतर. खोलीतली हवा २० अंश आणि २५ टक्के असेल तर तिचा दवबिंदू शून्याच्या आसपास असतो. इतकी कोरडी हवा शेजारी असताना झाकण काढून टाकायची गरज नाही. दोन्ही टोकांना तीन ते पाच सेंटिमीटर फट ठेवा. एकाच टोकाला फट ठेवली तर हवा खेळत नाही, दुसरा कोपरा कुबट राहतो.

पंखा हा या सगळ्यातला निर्णायक भाग. यूएसबीवर चालणारा ८० मिलिमीटरचा संगणकाचा पंखा पुरतो. तो एका फटीजवळ, वरच्या कोपऱ्यात, काचेच्या लांबीला समांतर फुंकेल असा लावा. झाडावर थेट रोखू नका. शेंड्याची पानं जेमतेम थरथरली म्हणजे वेग बरोबर. तो दिवसभर चालला तरी चालेल, पण एकच वेळ निवडायची तर दिवे विझण्याच्या अर्धा तास आधीपासून पुढचे तीन तास. बहुतेक लोक नेमकं उलट करतात: पंखा आणि दिवे एकाच टायमरवर जोडतात, आणि गरज सुरू होते त्याच क्षणी पंखा बंद पडतो. टायमर दोन घ्या.

टाकी खिडकीपासून निदान ३० सेंटिमीटर आत सरकवा. जमत नसेल तर खिडकीकडच्या काचेला बाहेरून एक सेंटिमीटर जाडीचा फोम लावा.

दिवसाचं तापमानही थोडं उतरवायला हवं. २२ अंश आणि ५५ टक्के ठेवलं तर दवबिंदू साडेबारा अंशांवर येतो. मग रात्री १८ झाले तरी आर्द्रता सत्तरीत राहते. कुंड्या आणि पानं आणखी ओलावा सोडतात, तो धरून किमान-कमाल यंत्रावर रात्रीचा सर्वोच्च आकडा ८० च्या खाली राहिला की जिंकलात. ८५ च्या वर जात असेल तर फट वाढवा. पंख्याचा वेग वाढवण्याआधी फट.

आता झाड

हवा सुधारल्यावर एकदाच नीट साफसफाई करा. वळलेली पानं, पिठी धरलेले शेंडे आणि कळ्या कापून थेट बंद पिशवीत टाका. टाकीतच झटकले तर बीजाणू सगळीकडे होतात. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा.

इथे एक सवय आड येते. महाराष्ट्रात गुलाबाची ऑक्टोबर छाटणी कडक करायची असते हे आपल्याला माहीत असतं, आणि तोच हात इथेही चालतो. उन्हात ते ठीक. कृत्रिम उजेडातल्या झाडाकडे साठा कमी असतो, त्याची निम्मी पानं गेली की ते महिनाभर रुसून बसतं. एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. आजार त्याहून पसरला असेल तर दोन हप्त्यांत कापा, मध्ये दहा दिवस सोडा.

फवाऱ्यासाठी पोटॅशियम बायकार्बोनेट एक लिटर पाण्याला ५ ग्रॅम, त्यात बागकामाचं हलकं तेल ५ मिलिलिटर. बाटली हलवत राहा, तेल वर येतं. झाड टाकीबाहेर काढून, पानांच्या दोन्ही बाजू आणि देठ भिजेपर्यंत मारा, सावलीत पूर्ण वाळू द्या, मगच आत ठेवा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस पाहिलेलं बरं. सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा. ओलं झाड बंद टाकीत ठेवलं तर भुरी जाते आणि बोट्रायटिस येते. गंधक वापरणार असाल तर तेलाच्या फवाऱ्याच्या आगेमागे दोन आठवडे नको, पानं जळतात. दुधाच्या फवाऱ्याची शिफारस पुष्कळ होते. बाहेरच्या उन्हात त्याचा उपयोग होतो, पण काचेच्या टाकीत तिसऱ्या दिवशी येणारा वास सहन करण्याइतका नव्हे.

उजेड कमी असेल तर बाकी सगळं अर्धवट

कमी उजेडातलं पान पातळ, मऊ आणि लांब देठाचं असतं, आणि असंच पान भुरीला सोपं जातं. फांदी वाढते, शेंडा मात्र कळीशिवाय थांबतो. याला आंधळा फुटवा म्हणतात. गुलाबात प्रत्येक फुटव्याच्या टोकाला कळी धरायची क्षमता असते. उजेड आणि ऊब अपुरी पडली तर झाड ती कळी डोळ्यालाही दिसणार नाही इतकी लहान असतानाच सोडून देतं. चारपैकी दोन फुटवे आंधळे निघत असतील तर खत वाढवू नका, दिवा वाढवा.

शेंड्याच्या उंचीवर फोन किंवा लक्स मीटर आडवा धरून मोजा. पांढऱ्या एलईडीखाली १४,००० लक्स (उजेडाचं माप) मिळाले आणि दिवा १६ तास चालला तर झाड फुलांवर राहतं. ८,००० ला ते जगतं, फुलत नाही. माशांच्या टाकीसोबत येणारी पट्टी बहुधा फार मंद असते; त्याऐवजी ४००० ते ६५०० केल्विनच्या दोन-तीन पांढऱ्या पट्ट्या शेजारी शेजारी लावा, शेंड्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर. दिवे काचेच्या झाकणावर असतील तर काचेच्या आतल्या बाजूला चढलेला क्षारांचा पांढुरका थर उजेड खातो. व्हिनेगरच्या फडक्याने तो महिन्यातून एकदा पुसा. २४ तास दिवा ठेवू नका. सलग उजेडात वाढलेल्या गुलाबाची पानं पाणी आवरू शकत नाहीत, पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत.

झाडाला थंडीची विश्रांती द्यायला हवी का, ही शंका असते. गरज नाही. आजच्या मिनी गुलाबांमागे ‘रूलेती’ नावाचा बुटका चिनी गुलाब आहे, जो स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात खिडकीतल्या कुंड्यांत सापडला होता. चिनी गुलाब बारमाही फुलणारा, त्यामुळे उजेड दिला तर हिवाळाभर चालू राहतो.

भुरी गेली आणि पानं ठिपक्याठिपक्यांची झाली

हे फारच नेहमी घडतं. दमटपणाची धास्ती घेऊन झाकण काढलं, पंखा झाडावर रोखला, आणि आठवडाभरात पानांवर बारीक फिकट ठिपके. लाल कोळी. पांढरा कागद धरून फांदीला टिचकी मारा. कागदावर टिंबाएवढं काही चालायला लागलं आणि बोटाने दाबल्यावर रेघ उमटली तर खात्री. कोरडी, उष्ण हवा त्याला आवडते, म्हणून दिव्याला सर्वात जवळच्या पानांवर तो आधी दिसतो.

कुंडीवर प्लास्टिकची पिशवी बांधून झाड सिंकमध्ये आडवं धरा आणि कोमट पाण्याच्या धारेने पानांची खालची बाजू धुवा. तीन-चार दिवसांनी पुन्हा, असं पाच वेळा, कारण धार अंडी पूर्ण काढत नाही आणि ती टप्प्याटप्प्याने फुटतात. प्रत्येक वेळी पंख्यासमोर वाळवून मगच टाकीत. भक्षक कोळी, फायटोसेयुलस, विकत मिळतो आणि ५५-६० टक्क्यांच्या टाकीत मोकळ्या खोलीपेक्षा चांगला काम करतो, पण तो सोडण्याआधी-नंतर तेल-साबणाचे फवारे बंद ठेवावे लागतात.

आर्द्रता दिवसा ४५ च्या खाली आणि रात्री ८० च्या वर जाऊ न देणं, एवढ्या पट्ट्यात दोन्ही शत्रू आटोक्यात राहतात.

कळ्या उघडण्याआधी गळतात, पानं पिवळी पडतात

भुरी नाही, कोळी नाही, तरी धडधाकट कळ्या पिवळ्या पडून गळतात. टाकीशेजारी फळांची टोपली आहे का बघा. पिकणारी केळी आणि सफरचंदं एथिलीन सोडतात, आणि मिनी गुलाब या वायूला फार हळवा असतो. बंद टाकी तो धरून ठेवते. आत कुजत पडलेल्या पाकळ्याही तेच करतात, म्हणून कोमेजलेलं फूल त्याच दिवशी काढायचं. गॅसच्या शेगडीजवळची जागाही याच कारणाने वाईट.

खालची पानं पिवळी आणि माती ओली, तर मुळं गुदमरताहेत. दुकानात ‘परेड’, ‘कोरडाना’ वगैरे नावांनी मिळणाऱ्या मिनी गुलाबाच्या कुंड्यांत झाड एक दिसतं, पण बहुधा तीन-चार छाटकलमं एकत्र लावलेली असतात. मध्यभागी हवा जात नाही, भुरीची सुरुवातही त्याच गर्दीतून होते. फुलं संपल्यावर ती वेगळी करा, प्रत्येकाला १० सेंटिमीटरची कुंडी, तीन भाग कोकोपीट किंवा पीट आणि एक भाग पर्लाइट. मुळं फार गुंतली असतील तर ओढाताण न करता सर्वात दुबळी दोन कलमं मातीलगत कापून टाका.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह मिळत नाही. मातीचा सामू (पीएच) ६ ते ६.५ च्या वर गेलेला असतो, बहुधा जड पाण्यामुळे. चिलेटेड लोह द्या. वॉटर सॉफ्टनरचं पाणी अजिबात नको, त्यात सोडियम असतं. खत २०-२०-२० (नत्र, स्फुरद, पालाश सारखे) असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट साधं पाणी ओतून क्षार धुवून काढा. भुरी असताना नत्र वाढवणं म्हणजे तिला कोवळा चारा घालणं.

सुधारतंय हे कशावरून कळेल

वळलेली जुनी पानं सरळ होत नाहीत, त्यांच्याकडे पाहून निराश होऊ नका. साफसफाईच्या दिवशी प्रत्येक झाडाच्या सर्वात वरच्या डोळ्याखाली रंगीत दोरा सैल बांधा. त्या दोऱ्याच्या वर आलेलं प्रत्येक पान नव्या हवेत वाढलेलं आहे. तीन आठवड्यांनी दोऱ्याच्या वर एकही वळलेलं पान नसेल तर फवारा बंद करा. दोऱ्याच्या वरच पुन्हा पिठी दिसली तर आधी रात्रीचा कमाल आकडा पाहा. तो ८० च्या खाली असेल तर आजार त्याच डोळ्यातून आला आहे, फांदी आणखी दोन डोळे खाली कापा. २० ते २२ अंशांत, पुरेशा उजेडात, कापलेल्या फांदीला फूल यायला सहा-सात आठवडे लागतात. जानेवारीच्या मध्याला कापलेली फांदी मार्चच्या पहिल्या आठवड्यात फुलते.